वत्सलेचे डोळे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तीन दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, आणि अगदी ओठांवर आलं होतं. मग मी तिला विचारलं — पाणी देऊ का?

दर वेळी असंच होतं. सांगायचं ते राहतं आणि तोंडातून दुसरंच काहीतरी निघतं.

तुम्ही मला ओळखत असाल तर खेळाच्या बाई म्हणून ओळखत असाल. तीसेक वर्षं मी एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत होते. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. माझ्या मुली जिल्ह्यात जिंकून यायच्या. लोक म्हणायचे, बाईंची नजर भारी, कोणती पोरगी कुठे उभी करायची ते बरोबर कळतं. नजर! — त्या शब्दापाशीच मला थांबावं लागतं. पण आधी खेळ सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी पवनारची. धाम नदीच्या काठाला आमची भाजीची वाडी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थंडीत गाजरं आणि पत्ताकोबी. बंडी — आमच्याकडची बैलगाडी — भरताना बाबा वर उभे राहायचे आणि मी खालून कोबीचे गड्डे फेकायची. एकही खाली पडायचा नाही. बाबा म्हणायचे, नलूचा हात म्हणजे ठेवल्यासारखा फेकते. ते मी कधी शिकले नव्हते. कुणी चालायला शिकतं का? तसंच.

बांगलादेशची लढाई झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वर्ध्याला आमच्या कॉलेजात भोयर सरांनी मुलींचा सॉफ्टबॉल सुरू केला. सर कुठल्याशा शिबिरातून खेळ शिकून आले होते. पाच ग्लव्ह, दोन बॅटा, एक नियमांचं पुस्तक. आम्ही सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून खेळायचो. मुरमाचं मैदान, चार कोपरे. फटका मारणारी मुलगी चेंडू टोलवते आणि पहिल्या कोपऱ्याकडे — पहिल्या बेसकडे — धावत सुटते. चेंडू तिच्याआधी तिथे पोचला तर ती बाद. मी उभी राहायची दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये. त्या जागेला शॉर्टस्टॉप म्हणतात, आणि सगळ्यात जास्त चेंडू तिथेच येतात. मातीतून सरपटत आलेला चेंडू उचलायचा आणि मैदानाच्या आरपार पहिल्या बेसवर फेकायचा. बस्. एवढंच माझं काम.

आणि पहिल्या बेसवर तो घ्यायला वत्सला.

ती सिंदी मेघेची. वडील कचेरीत कारकून, घरची थोडी शेती. उंच, हाडापेरानं मजबूत. खेळायच्या आधी वेणी कमीजच्या गळ्यात खोचायची सवय. आम्ही दोघी बी.ए.च्या एकाच वर्गात, एकाच बाकावर. मी माझ्या बसची वाट बघत उभी असले की तीही उगाच थांबायची. रस्त्याच्या टोकाला बसचा नुसता ठिपका दिसला की ती पाटी वाचायची — "आर्वी हाय वं, तुयी नाई." आम्हाला बस आहे की ट्रक आहे तेही दिसत नसायचं. कधी चुकली नाही. हे मला माहीत होतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. इतर कुणाला नसेल, मला माहीत होतं.

दोन वर्षं आम्ही खेळलो. मी उचलायची, फेकायची. तिच्या ग्लव्हमध्ये चेंडू बसल्याचा थप् असा आवाज यायचा. तो आवाज आला की छातीत काहीतरी जागेवर बसायचं. मग तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, एका साध्या सरावाच्या दिवशी माझ्याकडे एक साधा चेंडू आला. इतका हळू की मला भरपूर वेळ होता. मी उचलला. वत्सला पाय बेसवर टेकवून, हात पुढे करून उभी. मी तिच्याकडे पाहिलं — आणि मनात आलं, चुकला तर?

चेंडू माझ्यापुढे चार पावलांवर जमिनीत आपटला.

सगळ्या हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी तो तिच्या डोक्यावरून मागच्या बाभळीत गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा जमिनीत. तिथून पुढे काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हात माझाच होता. दुखत नव्हता, सुजला नव्हता. घाईचा चेंडू आला, विचाराला वेळच नसला, की थ्रो सुतासारखा सरळ जायचा. वेळ असला की संपलं. बोटं दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी व्हायची. चेंडू सोडायची ती एक घडी असते ना, ती यायचीच नाही. किंवा येऊन निघून गेलेली असायची. तळव्याला घाम. मी मुरूम चोळायची, देवाचं नाव घ्यायची, मनात आकडे मोजायची. घरी वाडीत विहिरीच्या कठड्यावर खडूनं गोल काढून मी खडे मारायची, एकूण एक गोलात बसायचा. दुसऱ्या दिवशी मैदानावर तेच. कुणाला विचारणार? काय विचारणार? मले फेकता येत नाई? जिला फेकता येतं म्हणूनच बाप खेळू देत होता, ती हे कुणाला सांगणार?

वत्सलेला सांगावं लागलं नाही. तिला कळलंच होतं. ती काही बोलली नाही, फक्त उभं राहायची पद्धत बदलली. माझ्याकडे चेंडू आला की ती बेसवरून जेवढी पुढे लांबता येईल तेवढी लांबायची. खाली पडलेला चेंडू उसळताना मातीतून खणल्यासारखा काढायची. नाही जमलं तर अंगावर घ्यायची — नडगीवर, छातीवर, एकदा हनुवटीवर. कपडे बदलताना मी तिच्या पायांवरचे काळेनिळे डाग बघायची आणि नजर फिरवायची. एकदा तिनंच माझ्या दंडाला धरून म्हटलं, "तू फेकत जाय वं. कसाई फेक. मी आहो न."

मी आहो न.

अशा माणसाचा राग येऊ शकतो, हे तुम्हाला खरं वाटतं? मला यायचा. ती लांबून उभी राहिली की मला दिसायचं — हिला माहीत आहे. हिनं आधीच धरून ठेवलंय की मी चुकणार. ती जितकी लांबायची तितका माझा हात आखडायचा. मला वाटायला लागलं की ती तिथे नसती तर माझा हात सुटा झाला असता. तिला माहीत होतं, एवढंच तिचं चुकलं होतं.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या संघाची निवड होती. विद्यापीठाकडून खेळलं की कलर, म्हणजे विद्यापीठाचा खेळाडू असल्याचा मान, मिळायचा. ज्याच्याजवळ युनिव्हर्सिटी कलर त्याला खेळाच्या शिक्षकाचा कोर्स सोपा, आणि त्या कोर्सनंतर नोकरी जवळजवळ ठरलेली. आमच्या घरी माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. मी बाबांना सांगून ठेवलं होतं, कलर मिळाला तर मला शिकू द्या. वत्सलेनंही तिच्या घरी तेच सांगितलं होतं. आम्ही दोघी एकदमच कोर्स करणार होतो. नागपुरात कुठे राहायचं तेही ठरलं होतं — तिच्या मावशीकडे.

निवडीला आठ दिवस उरले असताना, एका संध्याकाळच्या सरावात माझे चार थ्रो गेले. त्यातले दोन वत्सलेनं कसेबसे काढले, दोन सुटले. सराव संपल्यावर सरांनी मला सामानाच्या खोलीत बोलावलं. मोजून ग्लव्ह पेटीत ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "नलू, थ्रो काऊन सुटून राह्यले?"

आवाजात राग नव्हता. तो असता तर कदाचित मी रडले असते आणि सगळं बाहेर आलं असतं. पण सर थांबून राहिले. मला दिसत होतं, पुढचं वाक्य काय असणार ते. तुला यंदा बाहेर बसवतो. आणि मग घर, आणि लग्नाचं ते बोलणं, आणि कुणाच्या तरी घरची चूल.

मी म्हणाले, "सर, थ्रो बरोबर जाते."

"मंग?"

इथपर्यंत मी मनात कितीतरी वेळा आले आहे. इथून परत फिरता आलं असतं. ‘मंग?’ नंतर मी नुसती गप्प बसले असते तरी —

मी म्हणाले, "वत्सलेले संध्याकाळचा बॉल दिसत नाई, सर. उजेड कमी झाला का तिले अंधुक दिसते. तिनंच मले सांगतलं. कोनाले सांगू नको म्हने."

शेवटचं वाक्य कुठून आलं? ते मी ठरवलं नव्हतं. पण पाहा ना, किती पक्कं काम केलं त्यानं. कोनाले सांगू नको म्हने. म्हणजे सर तिला विचारणार नाहीत. विचारलं आणि तिनं नाही म्हटलं, तरी लपवते आहे असंच वाटणार. सरांनी पेटीचं झाकण लावलं. म्हणाले, "बरं केलं सांगतलं. डोळ्यांचा मामला हाय. एखादवेळी तोंडावर लागला तर काय करता?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बेसवर दुसरी मुलगी होती. बारकी, घाबरट. सरांनी वत्सलेला बाजूला घेऊन, अगदी मायेनं, सांगितलं की तू यंदा आराम कर आणि डोळे तपासून घे. त्याच संध्याकाळी ते तिच्या घरी जाऊन वडिलांशीही बोलून आले. चांगला माणूस. चांगल्या माणसानं जे करायला पाहिजे तेच केलं त्यांनी.

आणि त्या दिवशी माझ्याकडे पहिला चेंडू आला — सावकाश, भरपूर वेळ असलेला. मी उचलला, मान वर केली, समोर ती बारकी पोरगी. तिला काहीच माहीत नव्हतं. ती नुसती हात पुढे करून उभी होती. हात सुटला. थप्. पुन्हा आला, पुन्हा थप्. त्या दिवशी एकही चुकला नाही. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली — म्हणजे तू म्हणत होतीस तेच खरं.

असं का झालं? मला माहीत नाही. देवानं मला तिथेच उघडं पाडायला हवं होतं. एक थ्रो जमिनीत गेला असता तरी सरांना शंका आली असती. पण माझ्या खोट्याची साक्ष माझ्याच हातानं दिली. निवडीच्या दिवशीही दिली. माझी निवड झाली.

वत्सला मात्र चक्रावून गेली होती. चिडली नव्हती — चिडायला तिला कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं. सरांना असं का वाटलं असेल? ती मलाच विचारत होती. वडिलांनी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. ती म्हणाली, नलू सोबत येईल. मी गेले. बाकावर तिच्या शेजारी बसले. आत तिला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. दार उघडं होतं, तिचा आवाज ऐकू येत होता — शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता. डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं, डोळे उत्तम आहेत, काही नाही.

वडील बाहेर येऊन टोपी सारखी करत म्हणाले, "दिवसाचं ठीक हाय. पन संध्याकाळचं दिवसा कसं समजन? सर उगीच घरापावतो येतीन काय?"

गाजरं खाऊ घाला, असं कुणीतरी सांगितलं. आमच्या वाडीत गाजरं होती. मी ती पिशवी भरून सिंदी मेघेला नेऊन दिली. दोनदा. तिची आई मला म्हणाली, तुझ्यासारखी मैत्रीण हवी. मी तिथे चहा प्यायले.

आता जे सांगायचं ते इथे आहे. सरांपुढे जे बोलले ते नव्हे. ते मी घाबरून बोलले. त्याला निदान भीतीचा तरी आधार होता. पण हे —

निवड होऊन गेली होती. यादी लागली होती. मला आता कशाचीच भीती नव्हती. आम्ही दोघी बस स्टँडवर उभ्या होतो, दिवस मावळायला अजून वेळ होता. वत्सला पिवळी पडल्यासारखी दिसत होती. तिनं मला सांगितलं की आजकाल संध्याकाळी घरात पायरी उतरताना ती थांबते. आधी कधी थांबत नव्हती. परवा कंदिलाची काच तिच्या हातून फुटली. आई म्हणाली, राहू दे, तू नको करू. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं — हळू, लाज वाटल्यासारखं —

"नले, तू तर रोज माया समोर खेळतस. तुले कधी वाटलं काय, का मले कमी दिसते? खरं सांगजो वं. तू सांगतलं तर मी मानीन."

समोर ती. तिचे ते डोळे. दोन शब्द बोलायचे होते — नाई वं. अख्खं आयुष्य परत मिळालं असतं तिचं. माझं काहीही गेलं नसतं. यादी बदलणार नव्हती. मी तिला सांगू शकले असते की सर चुकले, की कुणीतरी काहीतरी बोललं असेल. माझं नाव न घेताही तिला सोडवू शकले असते. आणि वेळ होता. भरपूर वेळ होता.

मी म्हणाले, "थोडंसं."

मी का म्हणाले? खूप वर्षं शोधलं. पहिलं खोटं टिकवायला? ते टिकलंच होतं. आपल्याला चांगलं दिसतं हे तिला पटलं, तर ती आज ना उद्या उलटा हिशेब मांडेल, आणि शेवटी माझ्यापर्यंत येईल — असं वाटलं का? की इतक्या वेळा अंगावर चेंडू झेललेल्या त्या मुलीसमोर मला एकदा तरी वरचढ व्हायचं होतं? मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं की ‘थोडंसं’ म्हटल्यावर तिनं मान हलवली, जणू तिला बरं वाटलं. निदान आता ठाऊक तरी झालं. मग माझी बस आली. कोणती ते तिनं सांगितलं नाही. मी पाटी वाचून चढले.

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात माझं करण्यासारखं काही उरलं नव्हतं — म्हणजे होतं, पण मी केलं नाही.

वर्धा तेव्हा केवढंसं गाव. वत्सलेला रातांधळेपण आहे, ही गोष्ट तिच्याआधी घरोघरी पोचली. देवळीकडचं एक स्थळ मुलगी पाहून, पोहे खाऊन गेलं आणि मग निरोप आला की आम्हाला जमणार नाही. दुसरं आलंच नाही. कॉलेजची शेवटची परीक्षा तिनं दिली, पण मैदानावर ती परत आली नाही. एकदाच आली होती, मीच ओढून आणलं होतं. सरांनी गंमत म्हणून तिच्याकडे हळूच एक चेंडू टाकला. लहान मुलानंही झेलला असता असा. तिनं डोळे मिटले. चेंडू छातीला लागून खाली पडला. ती वाकून शोधत राहिली. तो तिच्या पायाशीच होता.

मी विद्यापीठाकडून गेले. तिथे पहिल्याच सामन्यात माझा हात पुन्हा गेला — तिसरा थ्रो प्रेक्षकांत. मला बाहेर बसवलं, उरलेले दिवस मी पाण्याच्या बाटल्या भरल्या. पण कलर मिळाला. कोर्स झाला, नोकरी लागली. शाळेत मी मुलींना फेकायला शिकवलं. स्वतः कधी फेकून दाखवलं नाही. बॅटनं चेंडू टोलवून द्यायची, सरपटत सोडायची. मुलींना वाटायचं, बाईंची ही पद्धतच आहे.

वत्सलेचं लग्न दोन वर्षांनी पुलगावच्या पलीकडच्या एका खेड्यात झालं. नवरा बिजवर, तिच्यापेक्षा बराच मोठा. माणूस वाईट नव्हता म्हणतात. गोरज मुहूर्त होता. मी गेले होते. मांडवाकडे येताना तिच्या मामीनं तिचा कोपर घट्ट धरला होता, आणि प्रत्येक दोन पावलांवर म्हणत होती, पाय उचल, इथे दोरी आहे, इथे पाट आहे. सगळ्यांना ऐकू जाईल असं. वत्सला पाय उचलत होती. अजून चांगला उजेड होता.

मी अक्षता टाकल्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं आमची भेट नाही. पत्रं आधी तिची यायची, मी उत्तर उशिरा देत गेले, मग थांबली. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या शाळेत सातवीत एक नवीन मुलगी आली. गावाकडून, मामाकडे शिकायला. उंच. पहिल्याच तासाला तिनं धावत जाऊन एक चेंडू असा काही उचलला की मी शिट्टी वाजवायची विसरले. नाव विचारलं, आडनाव ओळखीचं वाटलं नाही. मी तिचं नाव संघाच्या यादीत लिहिलं आणि पालकांच्या सहीचा कागद घरी दिला.

पुढच्या आठवड्यात शिपाई सांगत आला, एक बाई भेटायला आल्यात. दुपारची मधली सुट्टी होती. मी ऑफिसच्या दारात गेले. व्हरांड्यात, खांबाला हात टेकवून, वत्सला उभी होती.

जाड भिंगांचा चष्मा. कुठल्या डॉक्टरानं दिला, की बाजारातून घेतला, मी विचारलं नाही. केस पांढरे व्हायला लागलेले. आधी तिनं मला ‘मॅडम’ म्हटलं, मग मी ‘या’ म्हणताच आवाज ओळखून थांबली. "नले? तू हाय का वं इथं? अगंबाई!" आणि माझे दोन्ही हात धरले. इतकी खरी खुशी. भोवती मुली होत्या, मी तिला आत नेऊन खुर्चीवर बसवलं. ती घरचं सांगत राहिली — नवऱ्याचा दमा, सासू, दोन मुलं, ही मोठी मुलगी. सासरी तिला चूल पेटवू देत नाहीत, शिवणाला बसू देत नाहीत, दिवस कलला की अंगणाबाहेर सोडत नाहीत. सगळे फार जपतात, म्हणाली.

मग तिनं पदरातून तो कागद काढला. सही नव्हती.

"म्याच आली सांगाले," ती म्हणाली. "पोरगी लय रडून राह्यली, मले खेळू दे म्हनून. पन तुले तर ठाऊकच हाय. माये डोळे असे. तिचेही तसेच निघाले तर? एखांदा बॉल तोंडावर बसला तर पोरीच्या जातीचं काय होते? तू तिले घेऊ नको, नले. तूच सांग तिले. तुयं आयकन ते."



ती हसली. चष्म्याआडून तिचे डोळे मोठे दिसत होते. "तवा तू खरं सांगतलं म्हनून, नाई तर मी तशीच फिरत राह्यली असती. बाकी सारे लपवत होते. डॉक्टरही म्हने, काई नाई. तू एकटी खरं बोलली."

खोलीत आम्ही दोघीच होतो. पंखा फिरत होता. सुट्टी संपायला दहा-बारा मिनिटं असतील. मी पस्तिशी ओलांडलेली बाई, नोकरी कायम, लग्न झालेलं, घर झालेलं. माझ्याकडून कोण काय हिसकावून घेणार होतं? तोंड उघडलं मी. खरंच उघडलं. जीभ हलली नाही. तेच ते — घडी यायचीच नाही, किंवा येऊन निघून गेलेली असायची.

टेबलावर यादी होती. मी पेन उचललं आणि तिच्यासमोर तिच्या मुलीच्या नावावर रेघ मारली.

वत्सलेनं तो कागद घडी करून कमरेला खोचला. म्हणाली, जीव हलका झाला. मुलीला मी वर्गातून बोलावलं आणि सांगितलं की तुला खेळायचं नाही, डोळ्यांची काळजी घ्यायची. ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली — सरळ, स्वच्छ. मग आईचा कोपर धरून तिला पायऱ्या उतरवून फाटकापर्यंत घेऊन गेली.

ती सातवी, आठवी, नववी, दहावी माझ्या शाळेत होती. मी तिला खेळायला घेतलं नाही.